अबाउट पानाचा मथळा कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या नावानं वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. तबला शिकवणारे, अनुवादक, फोटोग्राफर, आर्किटेक्ट, नुकतीच पदवी घेतलेले, नोकरी सोडून काहीतरी वेगळं सुरू केलेले, असे सगळे यात आले. कंपनीच्या वेबसाइटचं गणित निराळं असतं, ते इथे नाही. मी वेबसाइटवरच्या अशा "माझ्याविषयी" (अबाउट) पानांचा मराठी मजकूर लिहितो आणि खालचे प्रश्न फोनवर इतक्यांदा ऐकलेत की एकदाचे लिहून ठेवतोय.

"माझ्याविषयी" एवढंच लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण पदरातही काही पडत नाही. मेन्यूमधल्या "माझ्याविषयी" वर बोट टेकवूनच माणूस या पानावर आलेला असतो. दारावरची पाटी वाचून आत आलेल्या पाहुण्याला दिवाणखान्यात पुन्हा तीच पाटी वाचायला लावण्यातला हा प्रकार आहे.

मेन्यूत मात्र सरळ शब्दच ठेवा: "माझ्याविषयी", "ओळख", "परिचय". तिथे हुशारी करू नका. "माझा प्रवास" असं लिहिणारे बरेच भेटतात. वाचणाऱ्याला वाटतं, लडाखचे फोटो असतील.

या पानावर येतं कोण?

तुम्हाला आधीच थोडंफार ओळखणारा माणूस. त्यानं तुमचं काम पाहिलेलं असतं किंवा कुणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवलेली असते. तो तुमचं चरित्र वाचायला आलेला नसतो. हा माणूस नेमकं काय करतो, माझ्यासारख्यांसाठी करतो का, आणि याच्याशी बोलायला बरं वाटेल का, एवढंच त्याला हवं असतं. मुलीसाठी तबल्याचा क्लास शोधणारी आई रात्री साडेदहाला, भांडी आवरून झाल्यावर, मोबाइलवर हे पान उघडते. मथळा तिच्यासाठी लिहायचा. तुमच्या कॉलेजच्या मित्रांसाठी नाही, आणि तुमच्या क्षेत्रातल्या दिग्गजांसाठी तर मुळीच नाही.

मग मथळ्यात असावं तरी काय?

तुमचं काम, शक्य तितक्या साध्या क्रियापदात. त्यापुढे ते कुणासाठी किंवा कुठे करता, ते. आणि जमलं तर एखादी खूण, जी फक्त तुमचीच असेल. तिन्ही गोष्टी एका ओळीत कोंबायच्या असा आग्रह नाही. काही नमुने देतो, सगळे कल्पित:

"डोंबिवलीत तबला शिकवतो. मोठ्यांनाही."

यात जीव आहे तो दुसऱ्या वाक्यात. चाळिशीत तबला शिकायची इच्छा असलेला आणि विचारायला लाजणारा माणूस या एका शब्दावर थबकतो.

"जुना वाडा पाडण्याआधी मला एकदा दाखवा."

हा आर्किटेक्टचा. यात "वारसा-संवर्धन" हा शब्द नाही, तरी काम कळतं आणि माणसाचा स्वभावही कळतो. खाली छोट्या अक्षरात "वाडे, घरं, देवळांची दुरुस्ती, नाशिक आणि आसपास" अशी ओळ टाकली की झालं. मथळ्यात सगळी माहिती मावत नसेल तर खालची ओळ असतेच, तिचा उपयोग करा.

"बारा वर्षं बँकेत होतो. आता पाव भाजतो."

असा मथळा वाचून माणूस पुढे वाचतोच, कारण मधे काय झालं हे त्याला हवं असतं. आणि ते खाली सांगायला जागा आहे. मात्र मथळ्यानं जी उत्सुकता लावली ती पहिल्या परिच्छेदातच भागवा. बँक का सोडली याचा उल्लेख पानभर कुठेच नसेल तर वाचणारा वैतागतो.

"जर्मन कागदपत्रांचा मराठीत अनुवाद करते. करारपत्रं जास्त, कविता कधीमधी."

लिहून झालं की एक परीक्षा घ्या. त्या मथळ्याखाली तुमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं नाव टाकून बघा. तरीही तो तितकाच खरा वाटत असेल तर मथळा तुमचा झालेला नाही. "गुणवत्तेशी तडजोड नाही" याखाली कुणाचंही नाव चालतं, पोळी-भाजी केंद्राचंसुद्धा.

स्वतःबद्दल चांगलं लिहायला लाज वाटते. काय करू?

ही लाज अगदी आपली आहे, आणि ती वाईट नाही. आपली आपण स्तुती करणारा मूर्ख, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आपल्याकडे परिचय दुसऱ्यानं करून द्यायचा असतो: कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदक कागद घेऊन उभा राहतो, "खरं तर यांच्या परिचयाची गरज नाही" म्हणतो आणि पुढे सात मिनिटं बोलतो. तो कागद बहुतेक वेळा पाहुण्यानंच लिहून दिलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

वेबसाइटवर निवेदक नसतो. मग होतं असं, की एरवी चारचौघांत कमी बोलणारा माणूस लिहायला बसला की थेट चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची भाषा उचलतो: "अष्टपैलू", "बहुआयामी व्यक्तिमत्त्व", "सदैव तत्पर". नाहीतर इंग्रजीतून उचललेलं "मी एक उत्कट कथाकार आहे" असलं काहीतरी. बोलताना कोणी "मी एक शिक्षक आहे" म्हणतं का? "मी शिक्षक आहे" म्हणतो. ते "एक" दिसलं की समजावं, वाक्य परक्या साच्यातून आलंय.

लाज घालवायला जाऊ नका, विशेषणं घालवा. विशेषणाच्या जागी घडलेली गोष्ट लिहा. "अनुभवी गिर्यारोहण मार्गदर्शक" असं लिहिण्यापेक्षा "हरिश्चंद्रगडावर दर पावसाळ्यात मुलांना घेऊन जाते" लिहा. इथे तुम्ही स्वतःला चांगलं म्हटलंच नाहीत, नुसतं काय करता ते सांगितलंत. चांगलं की वाईट ते वाचणारा ठरवेल, आणि त्यानं ठरवलेलंच टिकतं.

"मी" लिहू की तिसऱ्या पुरुषात लिहू?

स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःला "ते" म्हणणं विचित्र दिसतं. "ते गेली वीस वर्षं संगीतसाधना करत आहेत" हे वाचताना प्रश्न पडतो, लिहितोय कोण? आयोजकांना, वृत्तपत्रांना देण्यासाठी तिसऱ्या पुरुषातला परिचय लागतोच. तो पानाच्या तळाशी "कार्यक्रमपत्रिकेसाठी परिचय" अशा उपशीर्षकाखाली ठेवा, म्हणजे मागणाऱ्याला तिथूनच उचलता येतो.

मथळ्यात मात्र "मी" हा शब्दही बहुतेक वेळा लागत नाही. मराठी क्रियापद ते काम करतं. "शिकवते" म्हटलं की बाई बोलतेय हे कळलं. एक मेख आहे: "शिकवते" हे "मी"चंही रूप आणि "ती"चंही. पण शेजारी फोटो असतो, खाली लगेच "मी"नं सुरू होणारा परिच्छेद असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. इंग्रजी मथळ्यात "आय" गाळला तर तुटक वाटतं. आपल्याला ही सोय फुकट मिळालीय, ती वापरा.

मी बाई की पुरुष हे मथळ्यातून कळू द्यायचं नाही. मराठीत जमेल?

जमतं, थोडी कसरत करावी लागते. एक तर क्रियापदच ठेवू नका: "तबल्याची शिकवणी, डोंबिवली." किंवा भूतकाळी सकर्मक रचना घ्या. "मी चाळीस वाड्यांची मोजणी केली" यात "केली" हे मोजणीप्रमाणे बदलतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. तिसरी वाट म्हणजे मथळ्याचा कर्ता दुसऱ्याला करणं, वर वाड्याच्या मथळ्यात केलंय तसं. "मला दाखवा" म्हणणारं कोण, हे तिथे कळत नाही.

"दिवसा इंजिनिअर, रात्री कवी" कसा वाटतो?

झिजलेला. वर्डप्रेस बसवल्यावर जे इंग्रजी नमुना-पान आपोआप येतं, त्यातला माणूसही दिवसा सायकलवरून निरोप पोचवतो आणि रात्री नट व्हायची स्वप्नं बघतो. म्हणजे हा साचा इतका सार्वत्रिक आहे की सॉफ्टवेअरबरोबरच येतो. (जाता जाता: ते नमुना-पान तुमच्या साइटवर अजून जिवंत नाही ना, ते एकदा तपासा. भल्याभल्यांच्या साइटवर सापडतं.)

पण मी खरंच दोन-तीन कामं करतो. सगळी कशी सांगू?

ज्याचे पैसे मिळायला हवेत ते वर, बाकीची खालच्या परिच्छेदात. कठोर वाटेल, पण "लेखक | वक्ता | प्रशिक्षक | निसर्गप्रेमी" अशी उभ्या रेघांची माळ वाचून कुणीही कशासाठीच फोन करत नाही. कामांमध्ये आतून धागा असेल तर तो पकडा. एक जण मधमाश्या पाळतो आणि शाळांमध्ये विज्ञानाचे प्रयोगही दाखवतो, असं समजा. "मधमाश्या पाळतो, आणि त्यांना शाळेत घेऊन जातो" यात दोन्ही आलं.

"१२ वर्षांचा अनुभव" लिहावं का?

पुढच्या वर्षी ते खोटं होणार. "२०१३ पासून" लिहा, ते कायम खरं राहतं. एवढंच.

मी वकील आहे / डॉक्टर आहे. आकर्षक मथळा चालेल?

इथे जपून. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ वकिलांना जाहिरात करू देत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायची मुभा दिली: नाव आणि संपर्क, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्य बार काउन्सिलकडे नोंदणी आहे ते, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. "तुमचा खटला जिंकून देतो" हा मथळा म्हणून तर वाईट आहेच, शिवाय अंगाशी येणारा आहे. नाव आणि त्याखाली "दिवाणी आणि महसुली दावे, सातारा" एवढं पुरे. डॉक्टरांसाठी तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचेही वेबसाइटबाबत नियम आहेत. आधी आपल्या परिषदेचे आजचे नियम वाचा, मग मथळा.

सरळ नाव-गाव-काम असा मथळा कंटाळवाणा होईल ही भीती या मंडळींनी बाळगू नये. आजारी माणसाला गमतीदार डॉक्टर नको असतो.

पानावरचा मथळा, गूगलवर दिसणारं शीर्षक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिसणारी ओळ एकच असते का?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. पानावर मोठ्या अक्षरात दिसतं ते मुख्य हेडिंग. ब्राउझरच्या टॅबवर आणि बहुधा गूगलच्या निकालात दिसतो तो टायटल टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधलं शीर्षक. लिंक पाठवल्यावर जो चौकोन उमटतो, त्यातली ओळ ओपन ग्राफच्या शीर्षकातून, म्हणजे कोडमध्ये लिंकसाठी वेगळ्या लिहिलेल्या शीर्षकातून येते. तिन्ही वेगळी लिहिता येतात आणि लिहावीत.

"जुना वाडा पाडण्याआधी मला एकदा दाखवा" हे पानावर छान दिसतं, पण टायटलमध्ये त्याचा उपयोग कमी, कारण कुणी ते शोधत नाही. टायटलमध्ये तुमचं नाव, काम, गाव असू द्या. आपल्याकडे बरीच मंडळी मराठी शब्दसुद्धा रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून टायटलमध्ये नाव दोन्ही लिपींत दिलेलं बरं. गूगल शीर्षक कापतं ते रुंदी बघून, त्यामुळे महत्त्वाचं आधी लिहा. शिवाय २०२१ च्या ऑगस्टपासून गूगलनं शीर्षक ठरवायची पद्धत बदललीय. टायटल पटलं नाही तर ते पानावरचं हेडिंगही उचलतं. म्हणजे हेडिंग नुसतं "नमस्कार!" असेल तर निकालात तेवढंच दिसायची शक्यता राहते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकोनासाठी मात्र पानावरचाच मथळा बहुतेक वेळा चांगला चालतो. तिथे माणूस माणसाला पाठवतोय.

"नमस्कार, मी अमुक" हा मथळा वाईट का?

वाईट नाही, फक्त पहिली ओळ खर्ची पडते. नमस्कार करायचाच असेल तर मथळ्याच्या वर लहान अक्षरात करा.

लांबी किती असावी?

मोबाइलवर दोन ओळी, फार तर तीन. शब्द मोजू नका, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि "महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी" हा एकच शब्द अख्खी ओळ खातो. स्वतःच्या फोनवर उघडून बघा. शेवटच्या ओळीत एकटं "आहे" लोंबकळत असेल तर ते काढून टाका. नव्वद टक्के वेळा त्याची गरजच नसते (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, मोजून नाही).

मोठ्या अक्षरात मराठी मथळा विचित्र दिसतो. मात्रा कापल्या जातात, अक्षरं तुटतात. चूक कुणाची?

बहुतेक वेळा थीमची, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्याची. ती रोमन अक्षरांसाठी बनवलेली असते. इंग्रजी हेडिंगमध्ये ओळींमधलं अंतर अगदी कमी ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. "र्की"ची वरच्या ओळीतल्या "क्रू"शी टक्कर होते. हेडिंगची ओळउंची (लाइन-हाइट) अक्षराच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास न्या, श्वास घेता येतो.

दुसरं, अक्षरांमधलं अंतर. डिझायनर लोकांना अक्षरं जरा विरळ करून रुबाबदार दिसवायची हौस असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दोरीवरून निसटलेल्या कपड्यांसारखा दिसतो. हे अंतर शून्य ठेवा. तिरप्या अक्षरांचंही तसंच: बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षरंच वाकवतो. आणि मोठी लिपी, लहान लिपी असा भेद आपल्याकडे नाही, त्यामुळे जोर द्यायचा तर जाडी आणि आकार एवढीच साधनं हाताशी आहेत.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवा. आपला "ल" आणि "श" हिंदीत चालणाऱ्या वळणापेक्षा वेगळा असतो आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय आहे, तो भाषेची नोंद पाहूनच मराठी वळण देतो. डोळ्यांनी न वाचता ऐकून वाचणाऱ्यांचं स्क्रीन रीडरही याच नोंदीवरून उच्चार ठरवतं. नोंद इंग्रजी राहिली तर तुमच्या मथळ्याचं काय होईल ते ऐकवत नाही. मथळ्यात इमोजी टाकली असेल तर स्क्रीन रीडर तिचंही वर्णन वाचून दाखवतं, हेही लक्षात असू द्या.

फॉन्ट कोणता, तर मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता साध्या कामाला उत्तम, आणि जरा छापील पुस्तकाचं वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

पानाचा पत्ता मराठीत ठेवू का?

ठेवता येतो. .भारत हे डोमेनही २०१४ पासून मिळतं. पण "माझ्याविषयी" हा पत्त्याचा भाग कॉपी करून कुठे चिकटवला की बऱ्याच ठिकाणी तो टक्क्यांच्या चिन्हांत बदलतो. या शब्दात युनिकोडची ११ चिन्हं आहेत, प्रत्येकाची ९ अक्षरं होतात, म्हणजे ९९ अक्षरांचं शेपूट. ई-मेलमध्ये ते व्हायरससारखं दिसतं. मथळा मराठी, पत्ता रोमन आणि छोटा, ही तडजोड मला बरी वाटते.

"माझं" की "माझे"? आणि शुद्धलेखन कितपत बघावं?

"माझं" लिहा नाहीतर "माझे", पण पानभर एकच ठेवा. मथळ्यात "शिकवलं जातं" आणि खाली "शिकवले जाते" असेल तर दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणीत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण तुम्ही ती घरी बोलत असाल तरच. उसनी बोली लगेच ओळखू येते.

शुद्धलेखन मथळ्यापुरतं तरी जाणकाराला दाखवाच. खाली चूक खपते, वर नाही. विशेषतः अर्धा "र". केटरिंगवाल्यांच्या मथळ्याची कल्पना करा: "पाच आचाऱ्यांसह लग्नाचा स्वयंपाक करतो." टाइप करताना "आचार्यांसह" झालं तर मांडवात पाच विद्वान गुरुजी येऊन बसतील आणि जिलबी कोण तळणार? हा "ऱ्य" कीबोर्डवर नुक्तेवाला "ऱ", हलन्त आणि "य" असा उमटतो.

परदेशात असतो. इंग्रजी पानही आहे. मथळ्याचं भाषांतर करू का?

भाषांतर नको, दुसरा मथळा लिहा. वाडा म्हणजे काय हे कॅलिफोर्नियातल्या अमराठी वाचकाला मथळ्यात समजावता येणार नाही, आणि इंग्रजी मथळ्यातली कोटी मराठीत मरते. वाचणारे दोन, त्यांचे प्रश्न दोन, मग मथळेही दोन.

चॅटबॉटकडून लिहून घेतला तर?

घ्या की. वीस पर्याय मागा. त्यातली "प्रवास", "ध्यास", "स्वप्नांना पंख" वगैरे आधी काढा. उरलेल्यांत तुमच्या गावाचं, हत्याराचं, गिऱ्हाइकाचं नाव कुठे येतंय का बघा. येणार नाही, कारण तुम्ही ते सांगितलेलंच नसतं. ते सांगायला बसलात की मथळा तुम्हालाच सुचतो, असं मी दोन-तीनदा होताना पाहिलंय.

मथळा जमलाय हे कसं कळणार? दोन मथळे लावून कोणता चालतो ते मोजू का?

दिवसाला वीस-पंचवीस माणसं येणाऱ्या साइटवर असल्या मोजणीला अर्थ नाही, निव्वळ योगायोग मोजाल. त्यापेक्षा तुमचं काम नीट माहीत नसलेल्या पाच जणांना पान पाच सेकंद दाखवा, फोन काढून घ्या आणि विचारा, "मी काय करतो?" घरच्यांना विचारू नका, त्यांना माहीत असतं. किंवा माहीत आहे असं त्यांना वाटतं.

दुसरी चाचणी फोनवरची. अनोळखी माणसानं विचारलं, "आपण काय करता?" तर मथळा जसाच्या तसा बोलून बघा. जीभ अडखळली तर लेखणीही अडखळलेली आहे.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या स्वतःच्या पानावर सुरुवातीला "शब्दांशी खेळणारा माणूस" असा मथळा होता आणि मी त्यावर खूश होतो. त्यावरून आलेला पहिला फोन एका दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या गृहस्थांचा. त्यांना शब्दकोडी करून हवी होती.

मग आता तुमच्या पानावर काय आहे?

"वेबसाइटसाठी मराठी मजकूर लिहितो. शब्दकोडी करत नाही."